भाचीचा लॅपटॉप आणि माझ्या कविता

परवाच्या ईदला बहिणीकडे गेलो होतो. तिचं घर वेल्हे तालुक्यात, तोरण्याच्या पायथ्याकडच्या एका गावात आहे. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं या तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय घेतला, पण आमच्या तोंडात अजून वेल्हेच बसलेलं आहे. शीरखुर्मा झाला, शेजारपाजारचे येऊन गेले आणि भाची वही-पेन घेऊन समोर येऊन बसली. एसटीनं पुण्याला ये-जा करत तिनं बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स पुरं केलं. तिला सॉफ्टवेअर लिहायचंय, हल्लीच्या भाषेत डेव्हलपर व्हायचंय. त्यासाठी स्वतःचा लॅपटॉप हवा.

“मामू, कॉलेजातले सर म्हणतात लिनक्स शीक, मैत्रिणी म्हणतात मॅक घे, आणि नोकरीच्या परीक्षा घेणारे म्हणतात विंडोजच असू दे. तुम्ही इतकी वर्षं कॉम्प्युटरवर काढलीत. पुढची वीस वर्षं यातलं कोण टिकेल?”

बहीण बांगड्या भरते. आठवड्याच्या बाजारात बसते, लग्नसराईत घरोघरी जाते. यंदा तिची भिशी लागली होती, पंचेचाळीस हजारांची. ती आतून म्हणाली, “भाईजान, नीट विचार करून सांगा. पैसे एकदाच आहेत.”

श्रोतेहो, मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. हा प्रश्न माझ्याकडे येण्याचं कारण एवढंच, की १९९५ पासून भोरमध्ये माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, कुस्त्यांच्या आखाड्याची हँडबिलं, दाखल्यांचे छापील नमुने, असलं सगळं मी टाइप केलंय. डॉस पाहिलं, विंडोज ३.१ पाहिलं, मग ९५, ९८, एक्सपी, सात, दहा. ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी सांगतो. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्र आणि आपण यांच्यामधला कारभारी. आपण काम सांगायचं कारभाऱ्याला, तो यंत्राकडून करून घेतो. विंडोज, मॅक आणि लिनक्स हे आजचे तीन मोठे कारभारी. यातला कुठला धरावा, हा भाचीचा प्रश्न. आणि चुकीच्या ठिकाणी भरवसा ठेवला तर काय होतं, हे मी स्वतः भोगलेलं होतं.

१९९८ साली माझा पहिला कवितासंग्रह निघाला. अक्षरजुळणी मीच केली, रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून. तीनशे प्रती छापल्या. त्यानंतर चार-पाच वर्षांत दुसऱ्या संग्रहाच्या कविता झाल्या. त्या मी वहीत न लिहिता थेट संगणकावर टाइप केल्या. तेव्हा त्याचा अभिमान होता. भोरसारख्या गावात राहून आपण आधुनिक कवी! संग्रह मात्र छापून झाला नाही. आधी पैसे नव्हते, मग वेळ नव्हता. फाइली फ्लॉपीवरून सीडीवर गेल्या, सीडीवरून पेनड्राइव्हवर. २०१९ मध्ये एका प्रकाशकानं विचारलं, तेव्हा फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं आणि अवतरणचिन्हं यांची नुसती खिचडी. एक ओळ वाचता येईना.

हे का झालं, ते समजून घेण्यासारखं आहे. त्या काळातल्या संगणकाला मराठी ठाऊकच नव्हती. मग कंपन्यांनी एक युक्ती केली. जिथं इंग्रजी अक्षर असायचं, त्या खणात त्यांनी मराठी अक्षराचं चित्र बसवलं. डोळ्यांना ‘क’ दिसायचा, पण यंत्राच्या लेखी ते इंग्रजीतलंच काहीतरी असायचं. शिवाय प्रत्येक कंपनीची खणांची मांडणी वेगळी. एकीचा अर्धा ‘त’ जिथं, तिथं दुसरीचा ‘ळ’. त्यामुळे फॉन्ट गेला की मजकूर गेला. माझ्या सॉफ्टवेअरला तर कुलूपही होतं. डाँगल म्हणायचे त्याला. प्रिंटरच्या जागी मागं खोचायचं, ते असेल तरच मराठी टाइप होणार. एका पावसाळ्यात वीज पडली आणि संगणकाबरोबर डाँगलही जळालं. नवं मागितलं तर कंपनीनं सांगितलं, ती आवृत्ती आता बंद आहे, नवी विकत घ्या. नवी माझ्या जुन्या फाइली उघडेना. आणि नव्या संगणकांना मागचं ते भोकच राहिलेलं नव्हतं.

त्याच सुमारास घरातला एक कागद हाती आला. माझे आजोबा शिकलगार होते. विळे, कोयते, तलवारी यांना धार लावायचे. भोर हे तेव्हा पंतसचिवांचं संस्थान होतं. १९४८ मध्ये ते विलीन झालं. आजोबांना मिळालेल्या मजुरीची एक संस्थानी पावती होती, मोडी लिपीत. मोडी आमच्या पिढीला शिकवलीच नाही. मी तो कागद पुण्यातल्या एका जाणकारांकडे नेला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि दोन मिनिटांत वाचून दाखवला. कसलं हत्यार, किती नग, किती आणे. कागद संस्थानी अमदानीतला, लिपी वापरातून गेलेली, तरी तो बोलला. कारण लिपी कुणा एका कंपनीची नव्हती. ती शिकायला परवानगी लागत नव्हती, कागदाला कुलूप नव्हतं. आणि माझ्या वीस वर्षांच्या कविता मुक्या झाल्या होत्या. मोडीलासुद्धा २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली. माझ्या फॉन्टला ती कधीच मिळणार नव्हती.

तर भाचीला मी तिन्ही कारभाऱ्यांच्या कुंडल्या सांगितल्या. त्या थोडक्यात इथं सांगतो.

पहिला विंडोज. जगातले निम्म्याहून बरेच जास्त डेस्कटॉप त्याच्यावर चालतात. आपल्याकडे बँक, तहसील, शाळा, सायबर कॅफे, जिथं जाल तिथं तोच. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले आणि गावोगावच्या मुलांच्या बोटांना विंडोजचीच सवय लागली. त्याचा मोठा गुण म्हणजे जुन्याची कदर. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची किती तरी सॉफ्टवेअरं आजच्या विंडोजवर चालतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला याचं मोल फार, कारण लिहिलेलं लवकर वाया जात नाही. पण या कदरीलाही सीमा आहे. विंडोज ३.१ च्या काळातली सोळा-बिटी सॉफ्टवेअरं आजच्या चौसष्ट-बिटी विंडोजवर चालत नाहीत. आणि कारभारी कधी निवृत्त होणार, ते आपण ठरवत नाही. एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला, विंडोज दहाचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज अकराला टीपीएम नावाची सुरक्षेची सोय आणि तुलनेनं नवा प्रोसेसर लागतो. माझ्या दुकानातला संगणक ठणठणीत होता, पण या परीक्षेत नापास झाला.

दुसरा मॅक. यंत्र देखणं, मजबूत, बॅटरी दिवसभर पुरते. वेल्ह्यात पावसाळ्यात लाइट गेली की त्याचं महत्त्व कळतं. आयफोनसाठी अ‍ॅप बनवायचं तर मॅक लागतोच, कारण त्यासाठी लागणारं एक्सकोड हे सॉफ्टवेअर मॅकवरच चालतं. पण या घराण्याला मागे वळून पाहायची सवय कमी. १९९४ मध्ये त्यांनी प्रोसेसरचं घराणं बदललं, २००६ मध्ये पुन्हा बदललं आणि इंटेलचं घेतलं, २०२० पासून स्वतःचं आणलं. २०१९ मध्ये बत्तीस-बिटी सॉफ्टवेअरं एका फटक्यात बंद केली. दर वेळी बदलासाठी काही वर्षांची मुदत दिली, हे खरं. ज्या कंपन्यांकडे माणसं आणि पैसा आहे त्यांना हे झेपतं. एकट्यादुकट्या प्रोग्रॅमरला मात्र सतत पळत राहावं लागतं. शिवाय नव्या मॅकच्या किमतीत बहिणीच्या भिशीवर आणखी एक भिशी लागली असती.

तिसरा लिनक्स. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘जीएनयू’ नावानं मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ जाहीर केली आणि १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं कारभाऱ्याचा गाभा लिहिला. दोन्ही मिळून जे झालं ते कुणालाही फुकट घेता येतं, उघडून पाहता येतं, बदलता येतं. डेस्कटॉपवर तो शंभरात मोजक्यांकडेच दिसतो. दर वर्षी कुणीतरी सांगतं, यंदाचं वर्ष लिनक्सचं. आणि ते वर्ष निघून जातं. मी दुकानातल्या त्या नापास संगणकावर लिनक्स टाकलं. संगणक धावू लागला, जुना प्रिंटरही त्यानं ओळखला. पण लग्नपत्रिकेसाठी लागणारं कोरलड्रॉ त्यावर चालेना, म्हणून दुसऱ्या यंत्रावर विंडोज ठेवावंच लागलं. हा अनुभव मी भाचीपासून लपवला नाही.

मात्र डेस्कटॉप सोडून इकडंतिकडं पाहिलं तर चित्र उलटं दिसतं. आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. इंटरनेटच्या पलीकडच्या टोकाला जे सर्व्हर चालतात, त्यांतले बहुतेक लिनक्सवर. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी प्रत्येक लिनक्सवर चालतो. १९९१ मध्ये पुण्यात सी-डॅकनं ‘परम ८०००’ हा महासंगणक घडवला तेव्हा आम्हाला केवढं अप्रूप वाटलं होतं! त्याच सी-डॅकनं पुढं ‘बॉस’ नावाचं भारतीय लिनक्सही काढलं. केरळच्या सरकारी शाळांमधली मुलं कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकतात. आणि एक गंमत पाहा. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. २०१६ मध्ये त्याच कंपनीनं विंडोजच्या आत लिनक्सच्या आज्ञा चालवायची सोय स्वतःहून दिली. सॉफ्टवेअर लिहिणारी मुलं हातची जाऊ नयेत म्हणून.

“म्हणजे लिनक्स जिंकणार?” भाचीनं पेन सरसावून विचारलं.

मी म्हटलं, माझ्या अंदाजानं तिघांतला कुणीच लवकर मरत नाही. कचेरीत आणि दुकानात विंडोज राहील, महागड्या गल्लीत मॅक राहील, आणि सगळ्यांच्या जमिनीखाली लिनक्स राहील. तुझा प्रश्न थोडा फिरवून विचार. कारभारी कोण राहील, त्यापेक्षा तुझ्या हातात काय राहील? लिनक्सच्या काळ्या पडद्यावर ज्या आज्ञा टाइप करतात, त्यांतल्या पुष्कळशा युनिक्समधल्या, म्हणजे १९७० च्या दशकातल्या आहेत. तेव्हा माझाही नुकताच जन्म झाला होता. त्या आजही तशाच चालतात. मॅकच्या पोटातही २००१ पासून युनिक्सचंच घराणं आहे, तेव्हा तिथंही त्या बहुतेक चालतात. विंडोजमध्ये आता लिनक्सच आत बसवता येतं, म्हणजे तिथंही चालतात. एक विद्या, तिन्ही घरी चालणारी. शिवाजी महाराजांची राजधानी पंचवीसेक वर्षं आपल्या राजगडावर होती, मग रायगडावर गेली. सह्याद्रीत चढायला शिकलेल्या मावळ्याला काही नव्यानं चालायला शिकावं लागलं नाही.

पण हे सगळं बोलणं झालं. मला खरं उत्तर मिळालं ते भाचीनंच केलेल्या एका कामातून. त्याला आता दीडेक वर्ष झालं. माझ्या कवितांची खिचडी तिला ठाऊक होती. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिनं ती मागून घेतली. फॉन्ट तर नव्हता. मग तिनं डोकं चालवलं. पहिल्या संग्रहाची फाइल खिचडीतच होती, पण त्याचं छापील पुस्तक घरात होतं. तिनं पुस्तक आणि फाइल शेजारी शेजारी ठेवली आणि अक्षरामागून अक्षर लावत गेली. डॉलरच्या चिन्हाच्या जागी पुस्तकात काय आहे, टक्क्याच्या जागी काय आहे. असा तिनं कोश तयार केला आणि तो लावून दुसरा संग्रह युनिकोडमध्ये उतरवायचा प्रोग्रॅम लिहिला.

ऐकायला सोपं वाटतं, पण मराठीनं तिला छळलं. ‘कि’ लिहिताना आमच्या जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी आधी टाइप करायची, ‘क’ नंतर; दिसतं तसं. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम, आधी ‘क’ मग वेलांटी. ‘सूर्य’ मधला रफार जुन्यात ‘य’ नंतर यायचा, युनिकोडमध्ये तो ‘य’ च्या आधीचा अर्धा ‘र’ असतो. आणि सगळ्यात वाईट आमची ‘दऱ्या’, ‘खोऱ्या’, ‘वाऱ्या’ मधली अक्षरं. मी गुंजण मावळ, हिरडस मावळ, वेळवंड खोरं यांत वाढलेला कवी. माझ्या दर दुसऱ्या कवितेत दऱ्याखोऱ्या! त्या अर्ध्या ‘र’ ला युनिकोडमध्ये लिहायच्या दोन पद्धती पडून गेल्या आहेत. दिसायला एक, आत दोन. भाची रात्री फोन करून म्हणायची, “मामू, जरा सपाटीवरच्या कविता का नाही लिहिल्यात?”

हा प्रोग्रॅम तिनं मैत्रिणीच्या विंडोजच्या लॅपटॉपवर सुरू केला, कॉलेजातल्या लिनक्सवर पुरा केला आणि एका सरांच्या मॅकवर चालवून दाखवला. एक ओळ बदलावी लागली नाही. कारण तिनं लिहिलेली भाषा खुली होती, फाइल साध्या मजकुराची होती आणि अक्षरं युनिकोडची होती. १९९१ मध्ये आलेलं युनिकोड आज तिन्ही कारभारी मानतात. मला आठवतं, एक्सपीमध्ये मराठी दिसण्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन खूण करावी लागायची आणि सीडी घालावी लागायची. लिनक्सवर तर जोडाक्षरं फुटायची. आज फोनवरसुद्धा मराठी आपोआप दिसते. सरकारनं १९८६ मध्ये ठरवलेला इनस्क्रिप्ट कळफलकही तिन्हींवर मिळतो. त्यावर बसलेली बोटं कुठंही चालतात. माझी बोटं जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेली, त्याची शिक्षा मी रोज भोगतो.

ईदच्या दिवशी हे सगळं बहीण ऐकत होती. बांगड्यांच्या पेटीची झाकणं लावत ती मधेच म्हणाली, “आमच्याकडे दर दिवाळीला फॅशन बदलते. काचेची, लाखेची, धातूची. मी फॅशन घेते, पण थोडी थोडी. माप मात्र सगळीकडे तेच, दोन-चार, दोन-सहा. फिरोझाबादहून माल येवो नाहीतर हैदराबादहून, मापाची असली तर हातात जाते.” मी पंचेचाळीस मिनिटं जे सांगत होतो, ते तिनं बांगडी भरता भरता सांगावं तसं सांगून टाकलं.

शेवटी भाचीनं मध्यम किमतीचा साधा लॅपटॉप घेतला. विंडोज आधीपासून होतं ते राहू दिलं, कारण नोकरीच्या काही ऑनलाइन परीक्षा त्यावरच होतात. शेजारी लिनक्स टाकलं. रोजचं काम ती लिनक्सवर करते. चार्जर, बॅग आणि पेनड्राइव्ह धरून पैसे पुरले, पाचशे उरलेही. उद्या एखाद्या कंपनीनं हातात मॅक दिला तरी तिची अडचण होऊ नये. मी तिला एकच अट घातली. तू जे लिहिशील, ते तुझ्याशिवाय आणि तुझ्या कंपनीशिवाय दुसऱ्या कुणाला उघडता येईल असं ठेव. तुझं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांत माझ्यासारखा एखादा दुकानदार असेल. वीस वर्षांनी तो फाइल उघडायला जाईल.

माझ्या दुसऱ्या संग्रहातल्या सगळ्या कविता परत आल्या, एक शब्द सोडून. आजोबांवरच्या कवितेत ‘प’ च्या पुढं एक खूण आहे, मग काना. ते जोडाक्षर पहिल्या पुस्तकात कुठंच आलेलं नाही आणि दुसऱ्यात फक्त तिथंच आहे. ‘पट्टा’ असेल, आजोबांच्या सहाणेच्या चाकाचा. किंवा ‘पठ्ठा’ असेल, त्यांच्या हाताखाली शिकणारा पोरगा. अर्थ दोन्हींनी लागतो. लिहिणारा मीच, पण मला आठवत नाही. भाची विचारते, काय टाकू? मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)